पॉइंट चार

लक्ष्मीपुरीत, भंगाराच्या काट्यावर
सांगाडा चढला तेव्हा सोबत
एक मोडकी शिलाई मशीनही होती.
मी म्हटलं, ती नको. एवढीच द्या.
हमालानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा काट्याकडं,
मग हँडल रिक्षाच्या टपावर आवळलं
बाजारातनं आणलेल्या रेडकासारखं.

चेसिसवर साल अडुसष्ट.
इंजिनावरचा नंबर भलत्याच गाडीचा.
म्हणजे दोन जावा,
आणि दोन्ही माझ्याकडं अर्ध्या.

दूध संघात मी फॅट बघते.
काचेच्या नळीत पिवळी रेघ चढते,
तीन पॉइंट पाच, सहा पॉइंट दोन,
एका दशांशासाठी बीडशेडहून माणसं भांडायला येतात.
म्हणून वाटलं होतं, हे जमेल.
स्पार्कच्या पॉइंटमधली फट पॉइंट चार ठेवायची,
एवढंच तर आहे.

पहिल्यांदा कार्बोरेटर उकळला,
चिंचेच्या पाण्यात, दुधाच्या पातेल्यात.
सासूबाई काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी पातेलं गॅलरीत होतं
आणि त्यात कोरफड.

उद्यमनगरात इनूस मिस्त्रींनी
पिस्टन उजेडात धरला, फिरवला, नखानं ओरखडला.
"ताई, ह्यो जावाचा न्हाई ओ.
पाण्याच्या मोटारीचा असंल. कुणीतरी घासून बसवलाय."
लेथवरचं पोरगं हसलं. मीही हसले,
हिशेबाच्या वहीत तो महिना मात्र हसला नाही.

नवा पिस्टन, नवी बोअर.
रविवारी दुपारी, जिन्याखाली,
एकाच दांडीनं किक आणि गिअर असलेली ती जुनी खोड
आत दाबली, मागं वळवली, पाय मारला.
चाळीसाव्या किकला ती बोलली.
मिनिटभर. दीड मिनिट.
मग घशात घास अडकावा तशी
जागच्या जागी गच्च.

दुधातली स्निग्धता मोजणारी मी
पेट्रोलात ऑइल घालायला विसरले होते.

हे मी कुणाला सांगितलं नाही.
उमाकांतला म्हटलं, जुनं इंजिन, काय सांगता येतंय.
इनूस मिस्त्रींनी सिलिंडरात बोट फिरवलं,
कोरडं बोट माझ्यापुढं धरलं,
आणि मजुरी निम्मीच घेतली.
निम्मी मजुरी शिवीपेक्षा जास्त लागते.

त्यानंतर चार महिने ती चादरीखाली.
पोराच्या सायकलचं हँडल तिला टेकायचं,
तिच्यावर ओली मोजी वाळायची.
मी कामावर जाताना दुसऱ्या बाजूनं जिना उतरायची,
म्हणजे, असती दुसरी बाजू तर उतरले असते.

टाकी सुरू झाली ती चुकूनच.
संघात पोचा आलेले स्टीलचे कॅन लिलावात निघाले,
दोन घेतले, कापून आणले भोई गल्लीतल्या सुताराकडनं
(आडनाव सुतार, काम वेल्डिंगचं).
साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे यायचे,
शिवणीतून, मग झाकणाखालून, मग पुन्हा शिवणीतून.
सहाव्या वेळी बुडबुडा आला नाही.
मी आणखी साबण लावला. नाही आला.
उमाकांत टॉर्च धरून उभा होता,
तो कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही.

रंग दिला नाही. कॅनवरचा नंबर तसाच ठेवला.
ऑइल स्वतः मोजलं, नळीनं, तीनदा.

पोवार काकूंच्या कुरडया वाळत होत्या त्या दिवशी
गल्लीभर निळा धूर झाला.
कुरडया बदलून द्यायच्या ठरल्या, एक शेर.
त्या ओरडत होत्या, मला ऐकू येत नव्हतं,
दोन्ही सायलेन्सर आपापलं सांगत होते.

मंगळवार पेठेतनं निघाले ते कळंबा जेलच्या भिंतीपर्यंत.
तिथं क्लचची तार तुटली.
ढकलत आणली. चढाला कसरतीला निघालेल्या
दोन पोरांनी मागनं हात लावला,
एकानं विचारलं, मावशी, कुणाची गाडी?

वहीत लिहिलं: गेले, साडेचार किलोमीटर.
परतीचे धरले नाहीत.
खाली वर्तमानपत्र पसरलं आहे,
त्यावर थेंब पडतोय, काळा, सावकाश.
कुठून, ते उद्या बघते.
तारेचे ऐंशी रुपये पर्समध्ये वेगळे ठेवलेत.